बंदुकीला संयुक्त खाते नसते

भिवंडीच्या व्यापारी घरांत वस्तू एकट्याची असण्याची रीत फारशी नाही. गोदामाचे भाडे एका भावाच्या नावावर, मागांचे वीजबिल दुसऱ्याच्या, मोटार तिसऱ्याच्या. परंतु वापर सर्वांचा. तिजोरीची एक किल्ली वडिलांपाशी आणि दुसरी थोरल्या सुनेपाशी असते. बँकेतील खातेही दोन-तीन नावांनी उघडायचे आणि ‘यांपैकी कोणीही किंवा हयात असणारा’ अशी सूचना देऊन निश्चिंत व्हायचे, हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. या एकोप्यावरच पेढ्या टिकल्या, हे खरे.

मात्र घरातील एक वस्तू या रीतीला अपवाद आहे. ती वस्तू म्हणजे परवान्याची बंदूक. कपाटात ती सर्वांच्या देखत असते, तिचा परवाना फायलीत नीट लावलेला असतो, आणि म्हणून ‘आपल्या घराला परवाना आहे’ असे सगळेच समजून चालतात. कायद्याच्या दृष्टीने घराला परवाना नसतोच. तो एका व्यक्तीला, विशिष्ट शस्त्रासाठी आणि विशिष्ट कारणासाठी दिलेला असतो. सामायिक वापराला कायद्याने जागा ठेवली आहे ती प्रामुख्याने नेमबाजीच्या क्लबात. ही जागा कोणती आणि तिच्या सीमा कोठे संपतात, हे आज अधिक घरांनी जाणून घेण्याजोगे आहे; कारण नेमबाजी शिकण्यास निघालेली मुले आता व्यापारी कुटुंबांतही दिसू लागली आहेत.

कायद्याची मूळ चौकट

या विषयाचा पाया म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९. त्याच्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय कोणालाही अग्निशस्त्र अथवा काडतुसे मिळवता, बाळगता किंवा सोबत नेता येत नाहीत. तपशिलाचे नियम प्रथम १९६२ मध्ये झाले. त्यांच्या जागी १५ जुलै २०१६ पासून शस्त्र नियम, २०१६ आले. डिसेंबर २०१९ मध्ये अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली. पूर्वी एका व्यक्तीला तीन अग्निशस्त्रे ठेवता येत, ती मर्यादा दोनवर आली. ज्यांच्याजवळ तिसरे शस्त्र होते त्यांना ते एका वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागले. परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली.

शिक्षाही वाढली. परवान्याशिवाय सामान्य अग्निशस्त्र बाळगल्यास आता किमान दोन वर्षे आणि कमाल पाच वर्षे कारावास व दंड अशी तरतूद आहे. लग्नाच्या वरातीत किंवा उत्सवात निष्काळजीपणाने आनंदाचा बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा वेगळा गुन्हा ठरविण्यात आला असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

परवाना कोण देतो, हेही ठाऊक असावे. भिवंडी शहर ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते. म्हणून तेथील रहिवाशाचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो. पडघा, गणेशपुरीकडील भाग ठाणे ग्रामीण पोलिसांकडे असल्याने तेथील अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातो. प्रत्येक परवाना राष्ट्रीय माहितीकोशात नोंदवून त्यास स्वतंत्र ओळख क्रमांक दिला जातो. बँकेतील ग्राहक क्रमांकासारखाच हा प्रकार. एका क्रमांकामागे एकच धारक.

सामायिक वापराची उघडी खिडकी

नेमबाजी हा महाग खेळ आहे. स्पर्धेची चांगली रायफल लाखांच्या घरात जाते. नवशिक्याने पहिल्याच दिवशी ती विकत घ्यावी, अशी अपेक्षा ठेवली असती तर हा खेळ मूठभर लोकांपलीकडे गेला नसता. म्हणून क्लबाने शस्त्रे ठेवावीत, सदस्यांनी ती आळीपाळीने वापरावीत, ही पद्धत जगभर रूढ झाली आणि आपल्या कायद्यानेही ती मान्य केली.

येथे परवाना क्लबाच्या किंवा संघटनेच्या नावाने असतो. कारण नमूद असते, लक्ष्यवेधाचा सराव. शस्त्रे क्लबाच्या शस्त्रागारात कुलूपबंद राहतात. सदस्य येतो, नोंदवहीत सही करतो, ठरलेली रायफल आणि मोजलेली काडतुसे घेतो, प्रशिक्षकाच्या नजरेखाली नेम धरतो आणि जाताना शस्त्र परत करतो. जुन्या बँक अधिकाऱ्यांना यात आपल्या रोकड विभागाची आठवण होईल. रोखपाल दिवसभर लाखो रुपये हाताळतो. परंतु त्यातील एक नोटही त्याची नसते, आणि संध्याकाळी हिशेब जुळल्याशिवाय तो घरी जात नाही. क्लबातील सदस्याचा बंदुकीवरील अधिकार तितकाच असतो. तो वापराचा आहे, ताब्याचा नाही. रायफल मोटारीच्या डिकीत ठेवून ‘उद्या आणून देतो’ असे म्हणण्याची मुभा त्यात नाही.

कायद्यात क्लबांच्या सदस्यांसाठी आणखी दोन सवलती आहेत. कलम ३ च्या पोटकलम (३) नुसार, केंद्र सरकारने परवाना अथवा मान्यता दिलेल्या रायफल क्लबाचा किंवा संघटनेचा सदस्य लक्ष्यवेधासाठी .२२ बोअरची रायफल किंवा एअर रायफल वापरत असेल तर त्याला दोन शस्त्रांची मर्यादा लागू होत नाही. कलम १३ नुसार अशा सदस्याने या दोन प्रकारच्या रायफलींसाठी स्वतःचा परवाना मागितल्यास, इतर अटींची पूर्तता होत असेल तर, परवाना अधिकाऱ्याने तो द्यावा असा निर्देश आहे. स्वसंरक्षणासाठी पिस्तूल मागणाऱ्याला आपल्या जिवाला धोका कसा आहे, हे पटवून द्यावे लागते. क्लबाच्या सदस्याला लक्ष्यवेध हेच पुरेसे कारण ठरते. मात्र ही सवलत रायफलीपुरती आहे. पिस्तुलाचा उल्लेख तेथे नाही, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

सामायिक शस्त्रांचा आणखी एक मोठा साठा राष्ट्रीय छात्रसेनेकडे आहे. छात्रसैनिकाला कर्तव्याच्या ओघात कलम ४५ नुसार अधिनियमातून सूट आहे. एकेका रायफलीवर वर्षानुवर्षे शेकडो हातांनी नेम शिकला आहे. मुंबईच्या अंजली भागवत यांचा नेमबाजीतील प्रवेश छात्रसेनेतूनच झाला. पुढे त्यांनी २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारली. ज्या घरात बंदूक कधी आली नाही त्या घरातील मुलीलाही ऑलिंपिकपर्यंत जाता येते, हे सामायिक शस्त्राचेच श्रेय म्हणावे लागेल.

महाराष्ट्राची वाट

देशातील नेमबाजीची मध्यवर्ती संस्था, नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया, १९५१ मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. कोकणातील मूळ असलेल्या मराठी घराण्यातील हा वकील अहमदाबादेत स्थिरावला. मराठी आणि गुजराती या दोन्ही समाजांना तो आपला वाटे. अखिल भारतीय मावळंकर नेमबाजी स्पर्धा आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

महाराष्ट्राने या खेळाला मोठी माणसे दिली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे पन्नास मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेत्या ठरल्या. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरो येथे दहा मीटर एअर रायफलमध्ये विश्वविजेता झाला. सुमा शिरूर यांनी पनवेलला लक्ष्य शूटिंग क्लब उभा केला. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला, रेल्वेत नोकरीला लागला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये त्याने कांस्यपदक मिळवले. या प्रकारातील भारताचे हे पहिले ऑलिंपिक पदक. या वाटेवर प्रबोधिनी, क्लब, छात्रसेना अशा संस्थाच आरंभीची शिडी होतात. भिवंडीहून ठाणे, पनवेल किंवा मुंबईच्या वरळी भागातील रेंज ही रोजची नसली तरी आठवड्याची वाट होऊ शकते.

मुलाला शिकायचे असेल तर

पालकांनी आरंभ दहा मीटरच्या एअर रायफलीपासून किंवा एअर पिस्तुलापासून करावा, हे सर्वार्थाने सोयीचे. या खेळात दारूचे काडतूस नसते. दाबलेल्या हवेने ४.५ मिलिमीटरचा छर्रा कागदी लक्ष्यावर जातो. २०१६ च्या नियमांनुसार ज्या हवाई शस्त्राची ऊर्जा २० ज्यूलच्या आत आणि नळीचा व्यास .१७७ इंचाच्या म्हणजे ४.५ मिलिमीटरच्या आत आहे, त्यास परवाना लागत नाही. ऑलिंपिक प्रकारातील एअर रायफली या मर्यादेत बसतात. परवाना लागत नसला तरी खरेदीची पावती आणि ओळखपत्राची प्रत जपून ठेवावी, आणि गच्चीवरून कबुतरांवर नेम धरण्याचे खेळणे म्हणून ती कोणाच्याही हाती देऊ नये. प्राण्यांना इजा करणे हा वेगळ्या कायद्याखालील गुन्हा आहे. घराच्या संस्काराचा प्रश्न तर त्याहून आधीचा.

पुढची पायरी .२२ बोअरची. येथून परवान्याचे राज्य सुरू होते. स्वतःच्या नावाने अग्निशस्त्र मिळवण्यास वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. मात्र कलम ९ च्या पोटकलम (२) नुसार नियमांत ठरवलेल्या वयानंतर आणि ठरवलेल्या अटींवर प्रशिक्षणासाठी शस्त्र वापरता येते. अर्थात ते क्लबात, देखरेखीखाली. मुलगा राज्यस्तरावर पदक मिळवून आला म्हणून वडिलांच्या संरक्षण-परवान्यावरील शस्त्र त्याला सरावाला देता येत नाही. ते शस्त्र वेगळ्या कारणासाठी, वेगळ्या माणसाला दिलेले आहे.

खेळाडू पुढे गेला की शासनाचा हात अधिक सैल होतो. २०१९ च्या दुरुस्तीने दोनची मर्यादा आली तेव्हा नेमबाजांत चिंता पसरली होती. त्यावर केंद्रीय गृह मंत्रालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये अधिसूचना काढली. तीनुसार नामवंत नेमबाजास एका प्रकारात आठ, दोन प्रकारांत दहा आणि दोहोंपेक्षा अधिक प्रकारांत बारा शस्त्रांपर्यंत सूट मिळाली. सरावासाठीच्या काडतुसांची मर्यादाही वाढवण्यात आली. ही सूट पदकाने आणि कामगिरीने मिळते. ती त्या खेळाडूची असते. त्याच्या भावाची किंवा मित्राची नसते.

घराघरांत होणाऱ्या चार चुका

पहिली चूक उसनवारीची. थोरल्या भावाचा परवाना असतो. तो परगावी जातो आणि धाकट्याला सांगतो, ‘रात्री गोदामावर जाताना बंदूक सोबत ठेव.’ धाकट्याच्या हातातील ते शस्त्र विनापरवाना ठरते. ज्याला अधिकार आहे की नाही याची खात्री न करता शस्त्र दुसऱ्याच्या ताब्यात देणे हा कलम २९ खाली थोरल्याचाही गुन्हा होतो. कलम ३ मध्ये एक लहानसा अपवाद आहे. परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती शस्त्र नेऊ शकते. परंतु ते दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा स्वतः धारकाच्या वापरासाठीच. विश्वासू मुनीम बंदूक दुरुस्तीला घेऊन जाणार असेल तर तोंडी सांगण्यावर भागवू नये. कागदावर तारीख, शस्त्राचा क्रमांक, कारण आणि सही असावी.

दुसरी चूक रक्षकाची. पेढीच्या दारात उभा असलेला रक्षक मालकाची बंदूक खांद्याला लावून बसतो. परवान्यावर त्याचे नाव ‘रिटेनर’ म्हणून नोंदलेले नसेल तर तो पहारा बेकायदेशीर आहे. बँकेच्या शाखेतील बारा बोअरची बंदूक संस्थेच्या परवान्यावर असते आणि ती हाताळणाऱ्याची रीतसर नोंद असते. व्यापाऱ्याने तोच धडा घ्यावा. रक्षक बदलला की नोंदही बदलावी.

तिसरी चूक वारशाची आणि सर्वांत हळवी. वडील जातात. त्यांच्या कपाटातील बंदुकीला कोणी हात लावत नाही. भावनेने ती तशीच राहते आणि वर्षे लोटतात. परंतु धारकाच्या मृत्यूबरोबर परवाना संपतो. कलम २१ नुसार, ज्याचा ताबा कायदेशीर राहिलेला नाही ते शस्त्र अनावश्यक विलंब न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते. बँकेतील मयत खातेदाराच्या रकमेप्रमाणेच येथेही वारसाला आपला हक्क मागता येतो. मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची ना-हरकत जोडून एका वारसाने स्वतःच्या नावाने परवाना मागावा. तो मिळाला की शस्त्र परत मिळते. परवानाधारकाचे वय ७० झाल्यावर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावाने परवाना मागण्याची सोय २०१६ च्या नियमांत आहे. घरातील वडीलधाऱ्यांनी इच्छापत्राइतक्याच तत्परतेने तिचा विचार करावा.

चौथी चूक विसराळूपणाची. क्लबात सराव करून आलेल्या मुलाच्या बॅगेच्या कप्प्यात एखादे .२२ चे काडतूस राहून जाते आणि तीच बॅग पुढे सुट्टीच्या प्रवासात विमानतळावर तपासली जाते. न्यायालये ताबा ‘जाणीवपूर्वक’ होता का, हे पाहतात, आणि खरोखर नकळत राहिलेल्या काडतुसाबद्दल अनेकांना दिलासाही मिळाला आहे. तरी तोवर प्रवास मोडतो, गुन्हा नोंदला जातो आणि वकिलाचा दरवाजा ठोठवावा लागतो. क्लबाची बॅग निराळी असावी आणि ती प्रवासाला कधीही नेऊ नये, एवढा नियम पुरतो.

‘शस्त्र माझ्या हातात नव्हतेच’ हा बचाव किती तोकडा आहे, हे १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका खटल्यात स्पष्ट केले. शस्त्र प्रत्यक्षात दुसऱ्याजवळ असले तरी त्यावर ज्याची जाणीवपूर्वक सत्ता अथवा नियंत्रण कायम आहे, त्याचा ताबाही कायम धरता येतो, असे त्या निकालाचे सार आहे. थोडक्यात, बंदूक दुसऱ्याच्या हाती दिल्याने जबाबदारी विभागली जात नाही. ती दुप्पट होते.

परदेशातही हाच धडा

हा कडकपणा केवळ भारताचा नव्हे. ब्रिटनमध्ये सरकारमान्य रायफल क्लबाचा सदस्य क्लबाच्या लक्ष्यवेधात भाग घेत असताना स्वतःच्या प्रमाणपत्राविना शस्त्र हाताळू शकतो. १९८८ च्या दुरुस्ती कायद्यात तशी तरतूद आहे. त्याबाहेर वैयक्तिक प्रमाणपत्र लागते. १९९६ मध्ये डनब्लेन गावातील शाळेत झालेल्या हत्याकांडानंतर तेथे बहुतेक हातबंदुका खासगी मालकीतून बाद करण्यात आल्या. हल्लेखोराची शस्त्रे परवान्याची होती. परवान्याचे शस्त्र चुकीच्या हातांत असले की काय होते, याचा तो अनुभव एका संपूर्ण देशाचा कायदा बदलून गेला.

हिंसादान आणि कायदा

अहिंसा मानणाऱ्या घरात हा खेळ यावा का, असा प्रश्न वडीलधारे विचारतात, आणि तो रास्त आहे. नेमबाजीचे लक्ष्य कागदाचे असते. त्यात श्वासाचे नियमन, स्थैर्य आणि एकाग्रता यांचीच कसोटी लागते. कोणी हा खेळ स्वीकारील, कोणी नाकारील. तो ज्या-त्या घराच्या विवेकाचा विषय आहे.

परंतु एका गोष्टीत शास्त्र आणि शासन यांचा सूर आश्चर्यकारकपणे जुळतो. श्रावकाच्या अनर्थदंड-विरमण व्रतात ‘हिंसादान’ हा एक दोष सांगितला आहे. तलवार, कुऱ्हाड, विष, अग्नी अशी हिंसेची साधने दुसऱ्याला देणे, म्हणजे ते हिंसादान. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात त्याचे स्पष्ट विवेचन आहे. स्वतः शस्त्र चालवले नाही, केवळ उसने दिले, म्हणून माणूस मोकळा होत नाही, हा त्यामागचा विचार. १९५९ च्या अधिनियमाचे कलम २९ वेगळ्या मार्गाने त्याच ठिकाणी पोहोचते.

म्हणून ज्या घरात परवान्याचे शस्त्र आहे त्यांनी या आठवड्यात परवाना फायलीतून बाहेर काढावा. त्यावरील नाव, शस्त्राचा क्रमांक, मुदतीची तारीख आणि रिटेनरची नोंद तपासावी. तो धारक आज हयात आहे ना आणि शस्त्र त्याच्याच ताब्यात आहे ना, हेही पाहावे. मुदत सरत आली असेल तर नूतनीकरणाचा अर्ज वेळेत करावा. गरज उरली नसेल तर शस्त्र रीतसर जमा करून मोकळे व्हावे. मुलाला नेमबाजी शिकायचीच असेल तर त्याला क्लबात पाठवावे, क्लबाचा परवाना व मान्यता आधी पाहून घ्यावी आणि क्लबाची रायफल क्लबातच राहू द्यावी.